कॅलिग्युला इफेक्टबद्दल खेळाडूंची मतं इतकी टोकाची का?

प्रश्न असा आला आहे: ‘मला पर्सोना ५ हा जपानी आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम) खूप आवडला. त्याच धाटणीचा द कॅलिग्युला इफेक्ट खेळावा का? कुणी म्हणतं याच्यासारखा दुसरा गेम नाही, कुणी म्हणतं दोन-तीन तासांत कंटाळून बंद केला. आभासी जगात पळून जाणाऱ्या माणसांबद्दल त्याला खरंच काही सांगायचं आहे, की सगळा वरवरचा देखावा आहे? आणि नेमकी कोणती आवृत्ती घेऊ?’

आधी थेट उत्तर देतो. हो, खेळा. ओव्हरडोस ही आवृत्ती घ्या, काठिण्यपातळी वरची ठेवा, सोबत्यांच्या वैयक्तिक कथा एकही सोडू नका आणि शाळेतल्या पाचशे विद्यार्थ्यांच्या मागे मुळीच लागू नका. एवढं पाळलंत तर खटकणाऱ्या गोष्टींपैकी बऱ्याच वाटेतून दूर होतील. मी गेम डिझाइनच्या कामात बरीच वर्षं आहे. गेमची कथा आणि त्याची यंत्रणा एकमेकींशी कशी बोलतात हे नव्या डिझायनरना समजावताना मी या गेमचा आधार घेतो. त्या दोघी एकाच सुरात बोलतात तेव्हा काय घडतं आणि भांडतात तेव्हा काय बिघडतं, हे दोन्ही याच एका गेममध्ये दाखवता येतं. म्हणून उत्तर लांबणार आहे.

गेम ठाऊक नसलेल्यांसाठी कथा थोडक्यात. म्यू ही आभासी गायिका. लोक तिच्यासाठी गाणी रचतात, त्यांत आपली दुःखं ओततात, आणि ती गाता गाता तिला जाणीव येते. माणसांचं दुःख तिला बघवत नाही, म्हणून ती मोबियस नावाचं जग उभं करते. तिथे आलेला प्रत्येक जण हायस्कूलचा विद्यार्थी होतो, मग बाहेर त्याचं वय काही का असेना. रूप मनासारखं मिळतं. बाहेरच्या आयुष्याची आठवण पुसली जाते. शाळा संपली की पुन्हा पहिलं वर्ष सुरू. शाळेच्या समारंभात नायकाला अचानक हे सगळं खोटं असल्याचं दिसतं, आणि तो घरी परतू पाहणाऱ्या मुलांच्या गटात सामील होतो. गटाचं नाव ‘घरी जाणाऱ्यांचा क्लब’. शाळेनंतर कुठल्याच उपक्रमात न थांबता घर गाठणाऱ्या मुलांना जपानमध्ये असंच म्हणतात. समोर उभे असतात ओस्टिनाटो संगीतकार, म्हणजे म्यूसाठी गाणी लिहिणारे आणि त्या गाण्यांच्या जोरावर हे जग टिकवून धरणारे लोक.

यातली म्यू कुठून आली हे कळलं की गेम जास्त समजतो. सप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियाने २००७ मध्ये हात्सुने मिकू हा कृत्रिम आवाज बाजारात आणला. घरी बसून गाणी करणारी हजारो मुलं निकोनिको या जपानी व्हिडिओ संकेतस्थळावर ती गाणी टाकू लागली. या गीतकार-संगीतकारांच्या टोपणनावापुढे ‘पी’ (प्रोड्यूसर) लावायची रीत पडली. गेममधले कागी-पी, स्वीट-पी, इके-पी ही नावं तिथूनच आलेली आहेत. आणि गेममधल्या या संगीतकारांची गाणी खऱ्या व्होकॅलॉइड संगीतकारांनीच, म्हणजे अशा कृत्रिम आवाजासाठी गाणी करणाऱ्यांनीच रचली. आपली घुसमट स्वतःच्या तोंडाने सांगता येत नाही, पण एका आभासी मुलीच्या आवाजातून सांगता येते, अशी एक पिढी जपानमध्ये होती. तिच्याबद्दलचा हा गेम आहे आणि तिच्यातल्याच लोकांनी त्याला आवाज दिला आहे. जपानी खेळाडूंनी गाण्यांवर इतकं प्रेम केलं त्यामागे हे मोठं कारण आहे, आणि जपानबाहेरच्या परीक्षणांतून ते बहुतेक वेळा निसटतं.

आता मतं इतकी दुभंगलेली का, याकडे येतो.

पहिला गेम जून २०१६ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन व्हिटा या हातात धरायच्या यंत्रावर आला. प्रकाशक फुर्यू, दिग्दर्शक ताकुया यामानाका, पटकथा तादाशी सातोमी यांची. सातोमी म्हणजे पहिला पर्सोना (१९९६) आणि पर्सोना २ चे दोन्ही भाग (१९९९ आणि २०००) लिहिणारे. पार्श्वसंगीताला त्सुकासा मासुको, पर्सोना जिच्यातून निघाला त्या मेगामी टेन्सेई मालिकेतलं जुनं नाव. एवढी नावं एकत्र आली म्हटल्यावर अपेक्षा कुठे जाणार! त्यात इंग्रजी आवृत्ती आली मे २०१७ मध्ये, म्हणजे पर्सोना ५ इंग्रजीत आल्यावर महिनाभरात. आणि अमेरिकेत ती आणली पर्सोना बनवणाऱ्या ॲटलसनेच. बरीच मोठी टीम वर्षानुवर्षं खपून घडवलेला गेम आणि मर्यादित पैशांत, हातातल्या छोट्या यंत्रासाठी केलेला गेम शेजारी शेजारी मांडले गेले. व्हिटावर त्याची चित्रगती जागोजागी अडखळायची, सभागृहं आणि कॉरिडॉर एकसारखे दिसायचे. त्या महिन्यातली कडक मतं वाचाल तेव्हा हे डोक्यात असू द्या. ती खोटी नाहीत, पण ती एका विशिष्ट तुलनेतून आलेली आहेत. तुम्हीही पर्सोना ५ वरूनच येता आहात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

लढाईबद्दलचं मत मात्र सगळ्यांत गमतीशीर आहे, कारण एकच गोष्ट काहींना गेमचा कळस वाटते आणि काहींना त्याचं अपयश. चौघांचा संघ असतो. प्रत्येकाला एका पाळीत तीनपर्यंत कृती देता येतात, आणि त्या देण्याआधी पुढे काय घडेल याचं चित्र समोर चालताना दिसतं. कोणाचा वार कधी सुरू व्हावा हे वेळेच्या पट्टीवर मागेपुढे सरकवता येतं. एकाने शत्रूला हवेत उडवायचं, तो हवेत असताना नायकाने पिस्तुलं चालवायची, खाली येताना तिसऱ्याने गाठायचं. हे जुळून आलं की मिळणारा आनंद मी फार थोड्या गेममध्ये अनुभवला आहे. दिसणारं भविष्य मात्र सगळे वार लागतील असं धरून दाखवलेलं असतं, शत्रूने वार चुकवला तर साखळी कोसळते. कल्पना अव्वल आहे.

अडचण आहे ती सामान्य पातळीवर शत्रू इतके कच्चे असतात यात. भविष्य पाहायची गरजच पडत नाही. दोन तगडे वार लावले की काम संपतं, आणि मग प्रत्येक छोट्या लढाईत चौघांच्या कृती मांडत बसणं निव्वळ वेळखाऊ वाटू लागतं. ‘लढाई कंटाळवाणी’ असं लिहिणारे आणि ‘लढाईसाठीच खेळा’ असं लिहिणारे एकाच यंत्रणेबद्दल बोलत असतात, फरक फक्त काठिण्यपातळीचा असतो. डिझायनर म्हणून माझा आक्षेप असा, की ज्या यंत्रणेवर गेम उभा आहे तिची गरज सुरुवातीच्या पातळीवरच भासायला हवी होती. खेळाडूने पर्यायांच्या पानावर जाऊन ती शोधावी, ही अपेक्षा चुकीची आहे.

गाण्यांचंही तसंच. एखाद्या संगीतकाराच्या इलाख्यात शिरलात की त्याच्या गाण्याची नुसती चाल वाजत राहते, आणि लढाई सुरू झाली की त्याच क्षणी म्यूचा आवाज त्यात येतो. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. पण इलाखा लांबलचक, गाणं एकच, आणि दर मिनिट-दोन मिनिटांनी लढाई. तासाभराने तेच कडवं पुन्हा सुरू झालं की चांगलं गाणंही नकोसं होतं. माझा उपाय साधा आहे: एका बैठकीत एक अख्खा इलाखा संपवायचा हट्ट करू नका.

आता पाचशे विद्यार्थी. जाहिरातीत सगळ्यांत ठळकपणे हेच मांडलं गेलं: पाचशेहून अधिक विद्यार्थी, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाची कोणाशी ना कोणाशी ओळख, प्रत्येकाच्या मनात एक जखम. त्यांच्याशी बोलत राहायचं, मैत्री करायची, जखम कळली की ती मिटवायची. खेळायला बसलं की दिसतं, पंगत पाचशे पानांची मांडली आहे आणि भाजी मात्र पन्नास जणांना पुरेल एवढीच शिजवली आहे. तीच वाक्यं फिरून फिरून येतात. फोनवरच्या चॅटमध्येही साच्यातले प्रश्न आणि साच्यातली उत्तरं. जवळजवळ प्रत्येक नाराज खेळाडू इथे बोट ठेवतो आणि त्याचं बरोबरच आहे. मला मात्र कंटाळ्यापेक्षा वेगळं, जास्त गंभीर दुखणं इथे दिसतं. ते सांगण्यासाठी आधी गेममधली सर्वांत सुंदर गोष्ट सांगायला हवी.

सोबत्यांच्या वैयक्तिक कथा टप्प्याटप्प्याने उलगडतात. आधी चार गप्पा, कुठेतरी एकत्र जाणं, मग एखादी विचित्र प्रतिक्रिया, जिच्यावरून या माणसाने काहीतरी दडवलं आहे हे कळतं. आणि मग गेम थांबतो आणि तुम्हाला विचारतो: याच्या मनात आणखी आत पाऊल टाकायचं का? तुम्ही नाही म्हणू शकता. बहुतेक आरपीजीमध्ये मैत्री ही बक्षिसांची शिडी असते. वर चढत राहा, नवी ताकद मिळत राहील. समोरच्याला तुम्ही आत यायला हवे आहात का, हा प्रश्नच तिथे नसतो. इथे तो आहे, आणि तो विचारण्याची रीत अशी आहे की हो म्हणताना बोट थबकतं. कारण आत गेल्यावर जे कळतं ते पुन्हा अनोळखी करता येत नाही. काही सोबत्यांचं बाहेरचं आयुष्य असं आहे, की ते कळल्यावर ‘चला, घरी जाऊ’ हे वाक्य उच्चारणं जड जातं. कोणाचं काय ते मुद्दाम लिहीत नाही, कारण गेमची खरी किंमत तिथेच आहे. यामानाका यांनी पुढे मिल्ग्राम या संगीत-प्रकल्पातही प्रेक्षकांवर अशीच जबाबदारी टाकली आहे: कैद्याला माफ करायचं की नाही हे त्यांनीच ठरवायचं. या दिग्दर्शकाला हाच प्रश्न छळतो हे उघड आहे.

आणि इथेच मला तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर सापडतं. अनेक खेळाडूंची तक्रार आहे की गेम शेवटी ‘वास्तवच बरं, पळून जाणं वाईट’ असं शाळामास्तरी पद्धतीने सांगतो. मला तसं वाटत नाही. मोबियस खोटं आहे म्हणून ते चुकीचं आहे, असं म्हणणारी पात्रं गेममध्ये आहेत, पण गेमची रचना वेगळंच बोलते. म्यूचा दोष हा, की ती न विचारता सुख देते. आठवण पुसून टाकते, त्यामुळे इथे राहायचं की नाही हे ठरवायची ताकदच माणसाकडे उरत नाही. मोबियसमध्ये बाहेर पडायचा दरवाजा नाही, हा खरा गुन्हा. आणि नेमक्या याच गेममध्ये खेळाडूला प्रत्येक सोबत्याच्या उंबरठ्यावर थांबून परवानगीचा विचार करावा लागतो. म्यू जे करत नाही ते तुमच्याकडून करवून घेतलं जातं. कथा आणि यंत्रणा एका सुरात बोलतात म्हणतो ते हे.

आता पाचशे विद्यार्थ्यांकडे परत या. तिथे तुम्ही कोणालाही गाठता, दोन-चार वाक्यांत मैत्री करता, त्याची जखम यादीत टिपता आणि एखादं काम उरकावं तशी ती मिटवून टाकता. कोणी विचारत नाही, कोणी थांबवत नाही. म्हणजे म्यू करते तेच तुम्ही करत सुटता, आणि गेम त्याबद्दल शाबासकी देतो. म्हणून म्हणतो की ही यंत्रणा नुसती उथळ नाही, ती गेमच्या गाभ्याच्या विरुद्ध जाते. तिच्याकडे पाठ फिरवलीत तर काही बिघडत नाही, उलट कथा जास्त स्वच्छ ऐकू येते.

याच मापाने लेखनातले दोष मोजा. स्वीट-पीचं मोबियसमधलं रूप गोंडस मुलीचं आहे आणि बाहेरचं आयुष्य फार वेगळं आहे. सोबत्यांपैकी मिफुए शिनोहाराच्या कथेत लठ्ठ शरीराबद्दल फार कठोर बोललं जातं. अनेक खेळाडूंना हे प्रसंग झोंबले, आणि मीही त्यांच्याच बाजूने आहे. दुसऱ्याचं खरं शरीर उघडं पाडून त्यावर हशा मिळवणं म्हणजे उंबरठ्यावर थांबण्याचा जो नियम गेमने स्वतः घालून दिला, तो स्वतःच मोडणं. पुढे या पात्रांना काही प्रमाणात न्याय मिळतो, तरी तो हशा पुसला जात नाही. ज्यांना शरीरावरून टोमणे ऐकावे लागले आहेत त्यांनी हे आधीच ठाऊक असू देऊन खेळावं.

जपानबाहेरच्या लोकांचा आणखी एक गैरसमज. शाळेचा गणवेश पाहून ही किशोरवयीन मुलांची गोष्ट समजली जाते. मोबियसमध्ये अनेक जण बाहेर प्रौढ आहेत. जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार ४० ते ६४ वयाचे सुमारे ६,१३,००० लोक घरात कोंडून घेतल्यासारखे जगत होते. या वयातली माणसं पुन्हा हायस्कूलमध्येच का जाऊ पाहतील, हा प्रश्न तिथल्या खेळाडूला समजावून सांगावा लागत नाही. नोकरीची, लग्नाची, यशाची सगळी दारं अजून उघडी होती अशी ती शेवटची वर्षं. आपल्याकडेही दहावी-बारावीनंतर आयुष्य एका रुळावर पडलेल्या पुष्कळांना ही ओढ ओळखीची वाटेल.

मग ओव्हरडोसच का? ही नव्याने बांधलेली आवृत्ती जपानमध्ये मे २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आली आणि मार्च २०१९ मध्ये इंग्रजीत प्लेस्टेशन ४, स्विच आणि पीसीवर. हिस्टोरिया या कंपनीने ती अनरिअल इंजिन या गेम घडवायच्या सॉफ्टवेअरवर केली. चित्रगती सुधारली, मेनू सुटसुटीत झाले, नायिका निवडायची सोय आली, आयाना आमामोतो आणि एइजी बिवासाका हे दोन नवे सोबती आले. हे सगळं ठीकच. इलाखे बरेचसे तसेच लांब राहिले, हेही सांगायला हवं.

पण खरी भर दुसरीच आहे. ओव्हरडोसमध्ये नायकाला संगीतकारांकडून आमंत्रण येतं, आणि ते स्वीकारून तो ल्युसिड या नावाने वेश पालटून त्यांच्यात बसू शकतो. दिवसा क्लबच्या मित्रांबरोबर घरची वाट शोधायची आणि इकडे त्यांच्याच विरुद्ध उभं राहायचं. संगीतकारांच्याही वैयक्तिक कथा आहेत, त्यांच्याही मनाच्या दाराशी तुम्हाला थांबावं लागतं. आणि इथे एक मोठा फरक आहे: संगीतकारांना हे जग आभासी आहे हे ठाऊक आहे. त्यांना आठवतं, तरीही त्यांनी राहायचं ठरवलं आहे. बाकीच्यांना न विचारता कोंडलं गेलं म्हणून मोबियस चुकीचं, असं म्हणालो, तर ज्यांनी डोळे उघडे ठेवून होकार दिला त्यांचं काय करायचं? त्यांचं आश्रयस्थान मोडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? २०१६ च्या गेममध्ये हा प्रश्न नुसता सुचवला होता. ओव्हरडोसने तो खेळाडूच्या हातात दिला. मूळ आवृत्ती खेळून ‘विचार अर्धवट सोडला’ असं म्हणणारे आणि ओव्हरडोस खेळून ‘शेवटी गलबलून आलं’ असं म्हणणारे, दोघंही खरं बोलतात. त्यांनी खेळलेले गेम या बाबतीत एक नाहीतच.

म्हणून आमंत्रण आलं की स्वीकारा. पहिल्याच वेळी स्वीकारा, ‘आधी चांगल्या बाजूने खेळून मग बघू’ असा विचार नको. दोन्हीकडच्या लोकांना ओळखल्यावर घेतलेला निर्णयच या गेममध्ये निर्णय म्हणवून घ्यायच्या लायकीचा आहे.

दुसरा भाग, कॅलिग्युला इफेक्ट २, जून २०२१ मध्ये जपानमध्ये आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्रजीत आला. इथलं जग रीडू. बाहेर राहून गेलेल्या, हुकलेल्या गोष्टींचा पश्चात्ताप बाळगणाऱ्यांना दुसरी संधी देणारं. लढाईचा वेग पुष्कळ सुधारला आहे, आणि सोबतची नवी आभासी गायिका शत्रूच्या गाण्याचा ताबा घेऊन तेच गाणं स्वतःच्या आवाजात म्हणते, ही कल्पना मला फारच आवडते. सोबत्यांचं लेखन जास्त सावध, जास्त प्रौढ आहे. बरेच खेळाडू हाच भाग सरस मानतात, आणि कारागिरीचा विचार केला तर मीही मानतो. पण त्यात विरुद्ध बाजूला जाऊन बसायची वाट नाही. त्यामुळे पळून जाण्याबद्दलचा वाद ऐकायचा असेल तर मी आजही ओव्हरडोसच हातात देईन.

जाता जाता काही व्यवहाराच्या गोष्टी. संवाद जपानी आणि मजकूर इंग्रजी आहे, वाचायला पुष्कळ आहे, म्हणून थकलेल्या डोळ्यांनी बसू नका. पहिला इलाखा, म्हणजे शाळेची इमारत, सगळ्यांत फिकी आहे. तिच्यावरून मत बनवू नका, निदान दुसऱ्या संगीतकारापर्यंत जा आणि तोवर कोणातरी एका सोबत्याची कथा पुढे न्या. तेवढ्यावर मन लागलं नाही तर बिनधास्त सोडा, पुढेही यंत्रणा हीच राहणार आहे. २०१८ ची बारा भागांची ॲनिमे मालिका गेमच्या आधी बघू नका, तिच्यात अनेकांची गुपितं घाईघाईने उघडी होतात. आणि व्हिटाची मूळ आवृत्ती कुणी स्वस्तात देत असेल तरी ती संग्रहासाठीच ठेवा, खेळण्यासाठी स्विच किंवा पीसीवर ओव्हरडोसच घ्या.